बंदुकीचे गिऱ्हाईक

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या ढाणकीच्या बाजारात सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक कोण, असे मला कोणी विचारले तर मी सहा-सात वर्षांच्या पोराकडे बोट दाखवीन. टिकल्यांचे पिस्तूल घेताना ते पोर काय काय पाहते, ते वाचकांनी एकदा उभे राहून बघावे. घोडा मागे ओढून पाहील, टिकली नीट बसते की घसरते ते पाहील, दुकानदाराच्या फळीवरच दोन बार काढील आणि तिसरा फुसका निघाला की 'हे नको, दुसरे द्या' असे ठणकावून सांगेल. दुकानदारही निमूटपणे दुसरे काढून देतो. देतो, कारण शेजारी आणखी चार दुकाने मांडलेली असतात.

खऱ्या बंदुकीच्या गिऱ्हाइकाला मात्र हे भाग्य आपल्या देशात फारसे कधी लाभले नाही. हे मला या पावसाळ्यात कळले. तसा माझा आणि बंदुकीचा संबंध काय? आयुष्यभर खडू हातात धरला. या सदरात आजवर कापसाच्या भावावर लिहिले, एस.टी.च्या फाट्यावर लिहिले, शाळेच्या गळक्या छपरावर लिहिले. पण निवृत्त मास्तराकडे गावाने एक काम कायमचे सोपवून दिलेले असते. ते म्हणजे अर्ज लिहिण्याचे. पीकविम्याचा, विजेच्या खांबाचा, फेरफाराचा, नाना तऱ्हेचे अर्ज मी लिहिले आहेत. बंदूक बनवणाऱ्या कारखान्याला लिहायचा अर्ज मात्र यंदा पहिल्यांदाच पुढ्यात आला.

अर्जदार दोघे होते. एक आमच्या शिवारातला शेतकरी. त्याच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनचा परवाना आहे आणि त्यावर घेतलेली एकनळी बारा बोअरची बंदूक. दुसरे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांच्याजवळ रायफल आहे, ज्याला आमच्याकडे सगळे 'तीनशे पंधरा' म्हणतात ती. दोघेही ओसरीवर येऊन बसले. चहा झाला आणि शेतकऱ्याने कागदच पुढे केला.

"गुरुजी, तुमी लिहा. सही मी करतो. पण लिहा असं का त्याईले वाचून लाज वाटली पायजे."

"अरे, झालं काय ते आधी सांग," मी म्हणालो.

झाले होते ते असे. ढाणकीकडून बिटरगावच्या बाजूला सरकले की पैनगंगेचे अभयारण्य लागते. नदीच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेड, आणि दोन्ही काठांवर रान. रानडुकरे, रोही, हरणे यांना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते आणि सातबाराही वाचता येत नाही. सोयाबीन शेंगांनी भरले, हरभरा उगवून वर आला की कळपच्या कळप शिवारात उतरतात. एका रात्रीत डुकरांनी उकरलेले वावर सकाळी पाहिले म्हणजे नांगर चालवून गेल्यासारखे वाटते. म्हणून माणसे जागलीला जातात. माळ्यावर बसतात, डबे वाजवतात, फटाके लावतात. गेल्या साली या शेतकऱ्याच्या धाकट्या भावावर एक मोठा सुळेवाला डुक्कर चालून आला. याने बंदूक रोखली, चाप ओढला, आणि नुसते 'टक्' झाले. बार उडालाच नाही. डुकराने भावाची मांडी फाडली. तीन महिने पोरगा खाटेवर होता. हातची रबीची पेरणी गेली, दवाखान्याचा खर्च झाला तो वेगळाच.

बंदूक कोणत्या कारखान्याची, ते मी येथे लिहीत नाही. दोष काडतुसाचा, घोड्याच्या टाचणीचा, की पावसाळी हवेत मालकाने तेलपाणी न केल्याचा, हे आज कोणी सिद्ध करू शकत नाही. तेही खरेच. पण गंमत अशी की, ते सिद्ध करायला त्याच्याकडे मार्गच नव्हता. काडतुसे परवान्यावर मोजून मिळतात. त्यांतली दहा-पाच उडवून बंदुकीची परीक्षा घ्यायची म्हटले तर वर्षाची शिदोरीच संपायची. टिकलीच्या पिस्तुलाचे गिऱ्हाईक दुकानातच बार काढून पाहते. याने विश्वासावर घेतलेली वस्तू पहिल्यांदा तपासली ती डुकरासमोर.

हवालदार एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, "गुरुजी, बार नाय उडाला तर नळी लगेच उघडायची नसते, हे बी लिहून ठेवा. अर्धा मिनिट तरी तोंड मोकळ्या रानाकडं ठिवून थांबायचं. कधीकधी काडतूस उशिरा पेटते." वाचकहो, ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी हे वाक्य कापून परवान्याच्या पुस्तकात ठेवावे. पण डुक्कर समोर असताना अर्धा मिनिट थांबायचे कोणी? म्हणून तर बार पहिल्या झटक्यालाच उडायला हवा.

मग मी दोघांना म्हणालो, शिव्या लिहायच्या नाहीत. काय हवे ते लिहू. आणि कागदावर मागण्या उतरत गेल्या. त्या ऐकून मलाच नवल वाटले. एकही मागणी चैनीची नव्हती. चाप इतका कडक नको की ओढताना नेमच हलावा. नळीच्या टोकावरची माशी संध्याकाळच्या उजेडातही दिसावी. तिच्यावर पांढरा ठिपका दिला तरी पुरे. उडालेले काडतूस नळीत अडकून बसू नये. दस्त्याचे लाकूड पुरते वाळवलेले असावे, नाहीतर दोन पावसाळ्यांत ते फुगते आणि चिरते. सेफ्टीचा खटका आपोआप सरकू नये. हवालदारांनी आणखी एक जोडली. रायफलीवर दुर्बीण बसवायची सोय कारखान्यातूनच असावी, गावच्या लोहाराकडून भोके पाडून घ्यावी लागू नयेत. आणि सर्वांत शेवटी, बिघडलेली बंदूक दाखवायला हजार मैल जावे लागू नये.

एवढेच. बैलगाडीच्या सुताराला आम्ही याहून जास्त सांगतो, आणि तो ऐकतो.

आता तुम्ही विचाराल, बारा बोअर आणि रायफल यांत फरक तो काय? पोरांना शिकवताना सांगायचो तसेच सांगतो. भोवरा नुसता फेकला तर कोलमडतो, जाळी गुंडाळून फिरवून सोडला तर ताठ उभा राहतो. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्यांतून फिरत फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी ताठ जाते, म्हणून लांबचा नेम साधतो. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून छर्रे उडतात आणि तिचा नेम जवळचा.

हा गुळगुळीतपणा वरवर कारागिरीचा वाटतो, पण त्यात राजकारणही आहे. १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल कंपनी सरकारने हिंदी शिपायांना द्यायची ठरवली तेव्हा तिच्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, अशी वदंता डमडमच्या छावणीत १८५७च्या जानेवारीत उठली. काडतूस दाताने तोडायचे, म्हणजे धर्मच बाटला. शिपायांनी आधी सांगून पाहिले होते. काडतूस हाताने फाडायची आणि चरबी आपापली लावायची मुभा सरकारने दिलीही, पण तोवर विश्वास उडाला होता. पुढे मीरतला १० मे रोजी काय झाले ते पाठ्यपुस्तकात आहे. वापरणाऱ्याचे म्हणणे वेळेवर ऐकले नाही तर राज्यसुद्धा हादरते, याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. त्या असंतोषाची कारणे पुष्कळ होती, हे खरे. पण ठिणगी पडली ती मालाविषयीच्या तक्रारीवर.

आणि मग इंग्रजांनी काय धडा घेतला? एन्फिल्डच्या धर्तीचीच नवी बंदूक हिंदी शिपायांसाठी काढली, पण नळी आतून गुळगुळीत ठेवून. दिसायला तीच बंदूक, नेम मात्र कमी पल्ल्याचा. म्हणजे गिऱ्हाईक बिनभरवशाचे वाटले की माल मुद्दाम उणा करायचा. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट होती.

'तीनशे पंधरा'चे मूळही या अविश्वासातच आहे. सैन्याची रायफल होती ३०३ची. सैन्याच्या मापाची हत्यारे सामान्य माणसाजवळ नकोत, कारण छावणीतून चोरीला गेलेली काडतुसे त्यांत बसतील. म्हणून नागरिकांसाठी वेगळे माप. ३१५ म्हणजे इंचाचे तीनशे पंधरा सहस्रांश, साधारण आठ मिलिमीटर. त्याचे काडतूस मूळचे एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन सैनिकी काडतुसाच्या घराण्यातले. ते ऑस्ट्रिया केव्हाच मागे पडले, तिथे साम्राज्यही उरले नाही, पण त्या काडतुसाचा वंश आमच्या हवालदारांच्या कपाटात अजून नांदतो आहे.

स्वातंत्र्य आले तेव्हा वाटले असेल की आता गिऱ्हाइकाचे दिवस आले. १९५६च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावाने शस्त्रास्त्रे सरकारी उद्योगासाठी राखून ठेवली. त्यामागचा विचार चुकीचा होता असे मी म्हणत नाही. नव्या देशाला आपले हत्यार आपल्या मुठीत हवे होते. मुंगेर आणि जम्मूकडच्या खाजगी कारागिरांना छर्ऱ्याच्या बंदुका करण्याची मोजकी परवानगी राहिली. पण रायफल हवी असेल तर दार एकच. परदेशी बंदुकांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला बंदच झाली. १९५९च्या शस्त्र कायद्यात तर पीक राखणाऱ्याचा आवर्जून उल्लेख आहे. त्याला परवाना द्यावा तो ठासणीच्या बंदुकीचा! ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. ज्या काळात अण्वस्त्रे निघाली होती त्या काळात आमच्या शेतकऱ्याच्या वाट्याला तोंडाकडून दारू ठासायची बंदूक कायद्याने लिहिलेली होती. तिच्याने सुळेवाला डुक्कर थांबवायचा म्हणजे डुकराने दुसरा बार भरेपर्यंत दम धरायला हवा.

आमच्या शेतकऱ्याला मी हे वाचून दाखवले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हंजे सरकारले बी ठाऊक हाय का मी घाबरतच बंदूक धरतो."

एवढ्यावरच थांबलो असतो तर हा लेख एका गावाच्या रडगाण्याचा झाला असता. पण हवालदारांनी त्या दिवशी एक मोलाची गोष्ट सांगितली. "आमचं फौजेत येगळं असते गुरुजी. हत्यार खराब निघालं तर आर्मररला दावायचं, कागद वर जाते. वरून कवा ना कवा जबाब येतेच." हे ऐकून मी जुन्या बातम्या आणि पुस्तके काढून बसलो. फौजेचा कागद किती वर गेला आणि जबाब किती दिवसांनी आला, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्या पायदळाची इन्सास रायफल पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने १९८०च्या दशकात आखली. म्हणजे तिचे माहेर महाराष्ट्रातच. तिच्या आधी स्वयंभरणी एस.एल.आर. होती, आणि त्याही आधी ३०३. १९६२च्या चीनच्या लढाईत आपले जवान हातांत ३०३च घेऊन उभे होते. इन्सास सैन्यात आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तिची पहिली मोठी परीक्षा झाली १९९९ साली कारगिलच्या बर्फात. तिथून तक्रारी आल्या. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकचे मॅगझिन तडकते. एका दाबाला तीन गोळ्या सुटाव्यात तिथे सगळ्याच सुटत जातात. मध्येच रायफल अडते. गोळी झाडताना तेलाचे शिंतोडे डोळ्यांत उडतात. २००५ साली नेपाळमध्ये कालिकोट जिल्ह्यातल्या पिली येथील छावणीवर माओवाद्यांचा हल्ला झाला आणि चाळीसहून अधिक सैनिक पडले. लांबलेल्या लढाईत आपण पुरवलेल्या रायफली बिघडल्या, असे तेथील सैन्याने जाहीरपणे सांगितले. आपल्या बाजूने उत्तर गेले की वापर नीट झाला नसावा.

हे उत्तर वाचताना मला आमच्या तालुक्याच्या दुकानदाराची आठवण झाली. कोणत्याही वस्तूची तक्रार घेऊन जा, तो पहिल्यांदा विचारतो, "तुम्ही नीट वापरली होती का?" कधीकधी त्याचे खरेही असते. म्हणून तर दोष पाहण्याची रीत ठरलेली हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना बोलण्याआधी वस्तू उघडून पाहता येते.

इन्सासमध्ये सुधारणा झाल्याही. पण सैन्याचे समाधान झाले नाही. दुसरी रायफल घ्यायची म्हणून मागवलेल्या निविदा २०१५ साली रद्द झाल्या. इशापूरच्या कारखान्याने ७.६२ मिलिमीटर मापाची नवी रायफल पुढे केली, ती सैन्याने २०१७ साली चाचणीत नापास केली. दोष फार आणि अडणेही फार, असे कारण. नापास हा शब्द कठोर आहे, पण मास्तर म्हणून सांगतो, पोराला खोटे गुण देऊन वर ढकलण्यापेक्षा तो दयाळू आहे. २०१९ साली अमेरिकेतून बहात्तर हजार चारशे सिग रायफली मागवल्या. त्याच साली अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे रशियाशी भागीदारी करून ए.के.-२०३ रायफलीचा कारखाना काढला. २०२१च्या डिसेंबरात सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला.

म्हणजे १९९९ची तक्रार आणि हातात पडलेला पर्याय यांच्यामध्ये वीस वर्षे गेली. जो जवान कारगिलला पंचविशीत होता तो तोवर निवृत्त होऊन एखाद्या बँकेच्या दारात पहाऱ्याला उभा होता.

हे दुखणे एकट्या आपले नाही, हेही सांगायला हवे. इंग्रजांनी बोअर युद्धात पाठवलेल्या काही ली-एन्फिल्ड रायफलींच्या माशाच वाकड्या बसवलेल्या निघाल्या. नेम धरावा एकीकडे, गोळी जावी दुसरीकडे. त्या युद्धातले शहाणपण पुढे ३०३च्या नव्या नमुन्यात उतरले आणि तीच रायफल अर्धे शतक टिकली. अमेरिकेचे उदाहरण तर फारच बोलके आहे. व्हिएतनामच्या जंगलात त्यांच्या सैनिकांना एम-१६ ही नवी रायफल दिली आणि सांगितले की हिला फारसे पुसावे लागत नाही. पुसायचे सामानही पुरेसे दिले नाही. काडतुसातली दारू मध्येच बदलली. रायफली अडू लागल्या. कित्येक जण उघडलेल्या रायफलीशेजारी मरून पडलेले सापडले. सैनिकांनी काय केले? आईवडिलांना पत्रे लिहिली. आईवडिलांनी ती प्रतिनिधींकडे पाठवली. त्यांतली काही काँग्रेससमोर वाचली गेली आणि १९६७ साली रिचर्ड इकॉर्ड यांच्या समितीने चौकशी करून लष्करी व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. मग नळीच्या घरट्याला क्रोमचा मुलामा आला, पुसायचे सामान आले, आणि रायफल कशी राखावी याची चित्रकथेसारखी पुस्तिका विल आयस्नर नावाच्या प्रसिद्ध चित्रकाराकडून काढून घेतली. त्याच रायफलीचे वंशज आजही वापरात आहेत.

या गोष्टीतला पेच कोठे आहे ते पाहा. रायफल सुधारली ती अभियंत्यांच्या हुशारीने, हे खरे. पण अभियंत्याला कामाला लावले ते एका पोराच्या घरी आलेल्या पत्राने. पत्र वाचले गेले कारण ते वाचण्याची जागा होती.

आपल्याकडेही वारे पालटते आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी जुने आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि त्याच्या एकेचाळीस कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. बंदुका-रायफलींची कंपनी कानपुरात, दारूगोळ्याची पुण्यात. १८६९ साली सुरू झालेला खडकीचा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा काडतुसांचा कारखाना पुण्याच्या कंपनीत आले. खाजगी कारखानदारांनाही दार उघडले आहे. पाषाणच्याच संस्थेने हैदराबादच्या एका खाजगी कंपनीबरोबर केलेली 'उग्रम' नावाची रायफल जानेवारी २०२४मध्ये पुण्यात दाखवण्यात आली.

पण मला सर्वांत आवडली ती 'अस्मि'ची गोष्ट. ती रायफल नव्हे, नऊ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पाषाणच्या शास्त्रज्ञांबरोबर बसून ते आखले. २०२१च्या जानेवारीत ते जाहीर झाले तेव्हा काम चार महिन्यांत झाल्याचे सांगण्यात आले. २०२४ साली सैन्याच्या उत्तर विभागाने त्यांतली साडेपाचशे मागवली. येथे वापरणारा आणि घडवणारा एकाच टेबलाशी बसले. म्हणून वीस वर्षांचे काम चार महिन्यांत होते, असे मी म्हणणार नाही. तेवढा भाबडा मी नाही. पण चपलेचा काटा पायाला आधी कळतो. चांभाराने पायालाच विचारले तर वेळ वाचतो.

आता माझे काही वाचक भुवया उंचावतील. मास्तर, तुम्ही बंदुका वाढवा म्हणून लिहिता काय? मुळीच नाही. उलट बंदुका कमी असाव्यात, असेच माझे मत. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असे केले, ते मला मान्य आहे. रानडुक्करही वन्यजीव कायद्याखाली येतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर गोळी झाडता येत नाही, आणि झाडू नये. सौर कुंपण, सामुदायिक जागल, नुकसानभरपाई वेळेवर मिळणे, हे बंदुकीच्या आधीचे उपाय आहेत. पण ते तोकडे पडतात तेव्हा रानाकाठची माणसे काय करतात, तेही विदर्भाला ठाऊक आहे. कुंपणात विजेचा जिवंत प्रवाह सोडतात, गावठी दारूगोळा पेरतात. त्यात वाघ मरतात, गाई मरतात, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. त्यापेक्षा परवान्याची, नोंद असलेली, आणि चाप ओढला तरच उडणारी बंदूक शंभरपट बरी.

आणि जखमी जनावराचाही विचार करा. नेम वाकडा गेलेला डुक्कर रात्रभर कोठल्यातरी पळसाखाली तडफडत राहतो आणि दुसऱ्या दिवशी काड्या वेचायला गेलेल्या बाईवर धावतो. खराब बंदूक माणसाचीही वैरी आणि जनावराचीही. ज्या राज्याने परवाना देताना माणसाची इतकी चौकशी केली, त्याने बंदुकीचीही तितकीच करावी, एवढेच मागणे आहे. निवडणूक आली की पुष्कळांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. २०२४ साली तर विधानसभेची आचारसंहिता ऐन सोयाबीनच्या सुगीत लागली. आमच्या शेतकऱ्याने कुरकुर न करता आपली बंदूक नेऊन दिली आणि पावती घेतली. कायदा त्याने पाळला. आता कोणीतरी त्याच्यासाठी एक पाळावा.

असो. अर्ज तयार झाला. दोन पाने भरली. वरती 'माल खराब' असा विषय लिहू म्हणून शेतकरी हटून बसला होता. हवालदारांनी समजूत घातली की कारखान्यातही आपल्यासारखीच हातावर पोट असलेली माणसे काम करतात, त्यांना आधी कळू तर दे. शेवटी विषय लिहिला, 'बंदुकीत करावयाच्या सुधारणांबाबत.' सात मागण्या ओळीने घातल्या. बंदुकीचा क्रमांक घातला, परवान्याचा घातला, काडतुसाच्या खोक्यावरचे आकडे घातले. तक्रार ऐकायची तर कोठून आली ते कळायला हवे, हे त्यालाही पटले.

सही करताना तो थांबला. म्हणाला, "गुरुजी, एक ओळ वाढवा. लिहा का, भावाची मांडी भरून आली. पैसे नाय पायजे. टाचणी तेवढी चांगली लावा, दुसऱ्या कोनाचा भाऊ हाय."

ती ओळ मी जशीच्या तशी, त्याच्याच भाषेत लिहिली. शुद्धलेखन तपासले नाही. पत्र रजिस्टर केले आणि त्याची पावती त्याने घडी करून परवान्याच्या पुस्तकात ठेवली. हा अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. आले तर याच सदरात कळवीन. तोवर शिवारात जागलीला बसणाऱ्यांची आणि बर्फात पहाऱ्याला उभ्या असणाऱ्यांची, दोघांचीही दिवाळी निर्विघ्न पार पडो.